पुण्णाची खंती आणि आमचे वाचन

२०२५ च्या वर्षावासात दर्यापूर येथील एका विहारात मज्झिमनिकायातील पुण्णोवाद सुत्ताचे विवेचन ऐकण्याचा योग आम्हांस आला. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन करावयाचे आणि त्याला जोडून अधूनमधून एखादे मूळ सुत्त घ्यावयाचे, असा त्या विहाराचा परिपाठ आहे. प्रवचन चांगले झाले. पुण्ण भिक्खूची सहनशीलता ऐकून उपासिकांचे डोळे पाणावले. विवेचनाचा समारोप, आपणही अन्याय झाला असता मन शांत ठेवावे, अधिकाऱ्यांचा मान राखावा, असा झाला. तेवढ्यात मागे बसलेला एक तरुण उभा राहिला आणि त्याने विचारले, “भन्तेजी, हे सुत्त मार खानाऱ्यालेच काऊन सांगता? मारनाऱ्याले काऊन नाई सांगत?”

सभा स्तब्ध झाली. कोणी त्यास खाली बसण्याची खूण केली. भन्तेंनी मात्र त्यास दटावले नाही. प्रश्न विचार करण्याजोगा आहे, एवढे म्हणून त्यांनी सभा विसर्जित केली.

तो प्रश्न त्या एका प्रवचनापुरता नव्हता. आमच्या विहारांतून, स्मरणिकांतून आणि नियतकालिकांतूनही हे सुत्त वर्षानुवर्षे ज्या रीतीने सांगितले जाते, त्या रीतीवरच त्याने बोट ठेवले होते. ज्याने छळ सोसला त्याने छळानंतर शांत चित्ताने व आदराने वागावे, ही शिकवण धम्माची आहे की जुन्या गावगाड्याची, हा त्यातील खरा प्रश्न. दोहोंचे बाह्य रूप सारखे दिसते. पाटलाच्या वाड्यापुढे वहाणा हातात घेऊन उभा राहणाराही शांतच असे. म्हणून हे सुत्त पुन्हा एकदा मुळापासून वाचावे व आमच्या वाचनातील दोष दाखवावे, असे आम्ही योजिले आहे.

प्रथम सुत्तात काय आहे ते पाहू. पुण्ण भिक्खू तथागतांकडे येतो आणि एकांतात साधना करता यावी म्हणून संक्षिप्त उपदेशाची विनंती करतो. तथागत त्यास इंद्रिये व त्यांचे विषय यांविषयी थोडक्यात सांगतात. विषयांत रममाण होण्यातून दुःख उद्भवते व त्या रमण्याचा निरोध हाच दुःखाचा निरोध, असा त्या उपदेशाचा आशय आहे. मग ते विचारतात, तू आता कोणत्या प्रदेशात जाणार? पुण्ण ‘सुनापरान्त’ असे उत्तर देतो. तेथील लोक उग्र व कठोर आहेत. त्यांनी तुला शिव्या दिल्या तर तू काय म्हणशील? पुण्ण म्हणतो, हाताने मारले नाही म्हणून ते भले आहेत असे मी मानीन. हाताने मारले तर? ढेकूळ मारले नाही म्हणून भले. याप्रमाणे ढेकूळ, काठी, शस्त्र अशा पायऱ्यांनी प्रश्न चढत जातो व शेवटी प्राण घेण्यापर्यंत येऊन पोहोचतो. पुण्णाचे चित्त तेथेही ढळत नाही. अशा संयमाने व उपशमाने तू सुनापरान्तात राहू शकशील, असे म्हणून तथागत त्यास साधुकार देतात.

आमचे प्रवचनकार बहुधा येथे थांबतात. सुत्त येथे थांबत नाही. पुण्ण सुनापरान्तास जातो आणि त्याच एका वर्षावासात पाचशे उपासक व पाचशे उपासिका धम्मात प्रतिष्ठित करतो, तसेच स्वतः तीन विद्यांचा साक्षात्कार करून घेतो. परंपरा सुनापरान्ताचा संबंध सुप्पारक बंदराशी, म्हणजे आजच्या पालघर जिल्ह्यातील सोपाऱ्याशी जोडते. १८८२ साली पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी तेथील स्तूप उकलला आणि त्याच गावी अशोकाच्या आठव्या शिलालेखाचा तुकडाही मिळाला. पुण्णाची कथा आणि हे अवशेष यांचा थेट दुवा दाखविता येत नाही, हे खरे. तथापि जो प्रदेश उग्र म्हणून ओळखला जात होता असे सुत्त सांगते, त्याच किनाऱ्यावर पुढे स्तूप उभा राहिला, हे मराठी वाचकाने ध्यानी ठेवण्याजोगे आहे.

आमच्या वाचनातून तीन गोष्टी निसटतात, असे आम्हांस वाटते.

पहिली गोष्ट अशी की, सुनापरान्तास जाण्याचा निर्णय पुण्णाचा स्वतःचा आहे. तथागतांनी त्यास तेथे धाडले नाही. त्यांनी केवळ विचारले. सहन करण्याची प्रत्येक प्रतिज्ञा पुण्णाच्या तोंडी प्रथमपुरुषी आहे: ‘मी असे मानीन.’ संपूर्ण सुत्तात दुसरा कोणीही त्यास ‘तू सोस’ असे म्हणत नाही. खंती ही ज्याच्यावर आघात होतो त्याने स्वतः घेण्याची गोष्ट आहे. बघ्याने, पुढाऱ्याने किंवा आघात करणाऱ्याने तिची मागणी केली की तिचे स्वरूपच पालटते आणि ती वेठ होते.

दुसरी गोष्ट, पुण्ण सुनापरान्ताच्या लोकांना ‘भले’ म्हणतो याचा अर्थ त्यांचे कृत्य भले मानतो, असा नाही. ते उग्र आहेत हे तथागतांनी प्रारंभीच स्पष्ट शब्दांत सांगितले आहे व पुण्णाने ते नाकारलेले नाही. सत्य आधी उच्चारले गेले आहे आणि त्यानंतर चित्ताची स्थिरता आली आहे. आमच्या प्रवचनांतून हा क्रम उलटतो. शांती आधी मागितली जाते आणि सत्य बोलावयाचे राहून जाते.

तिसरी गोष्ट त्या हजार उपासक-उपासिकांची. पुण्णाच्या शांतीला काही कार्य होते. लोक आहेत तसे राहावेत आणि आपण त्यांचे फटके खात निर्वाणाची वाट पाहावी, अशी ती शांती नव्हती. त्याच लोकांत राहून त्यांचे जीवन पालटावयाचे, यासाठी त्यास ती हवी होती.

या ठिकाणी दुसऱ्या एका सुत्ताची गल्लत केली जाते, तीही दाखविणे प्राप्त आहे. अंगुलिमालाची कथा सर्वांस ठाऊक आहे. भिक्खू झाल्यावर तो श्रावस्तीत भिक्षेस गेला असता कोणाचे ढेकूळ, कोणाची काठी त्यास लागते. डोके फुटलेले, पात्र भंगलेले, चीवर फाटलेले अशा स्थितीत तो परत येतो. तथागत त्यास सहन करावयास सांगतात आणि हे तुझ्याच कर्माचे फळ आहे, असे म्हणतात. पुष्कळ वक्ते पुण्ण व अंगुलिमाल या दोघांना एका ओळीत बसवितात व दोघांच्या नावाने एकच उपदेश करतात. परंतु अंगुलिमालाने माणसे मारली होती. त्याचे सोसणे हे आपल्या कृत्याची जबाबदारी स्वीकारणे होते. ज्याने विहिरीवर घागर नेली, ज्याने लग्नात घोड्यावरून वरात काढली, ज्याने आपल्या शेताचा बांध मागितला, त्याने कोणाचा घात केला होता? त्यास अंगुलिमालाचा उपदेश लागू करणे म्हणजे मागील दाराने पूर्वजन्मीच्या पापाचा सिद्धांत घरात घेणे होय. माणसाच्या हीन गणल्या गेलेल्या जन्माचे समर्थन पूर्वकर्माने करण्याच्या प्रवृत्तीला प. पू. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथात जागा ठेविली नाही. १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या त्या ग्रंथाच्या प्रास्ताविकातच कर्म व पुनर्जन्म यांचा प्रश्न त्यांनी धम्माच्या अभ्यासातील महत्त्वाच्या प्रश्नांत गणला आहे.

त्याच ग्रंथात दहा पारमितांचे विवेचन आहे. खंती म्हणजे द्वेषाला द्वेषाने उत्तर न देणे, असा तिचा आशय बाबासाहेबांनी दिला. मात्र त्याबरोबरच प्रत्येक पारमिता प्रज्ञेच्या कसोटीवर तपासली पाहिजे, असेही तेथे आहे. प्रज्ञेवाचून केलेले दान घेणाऱ्याची अवनती करू शकते व प्रज्ञेवाचूनची करुणा दुष्टाला साहाय्यक होऊ शकते, असा इशारा त्यांनी दिला. हाच निकष खंतीला लावला तर प्रज्ञाहीन खंती अन्यायाला मुक्त वाव देईल, हे उघड आहे. १४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपूर येथे घेतलेल्या बावीस प्रतिज्ञांत दहा पारमिता पाळण्याची प्रतिज्ञा आहे. ती दहांची आहे. त्यांतून एकटी खंती वेगळी काढून शिकविण्याचा अधिकार कोणास नाही.

येथवर चित्ताच्या शांतीचा विचार झाला. आता सत्तेविषयीच्या आदराचा. या प्रश्नाचे उत्तर आमच्या मते पाली ग्रंथांहून अधिक स्पष्टपणे आमच्या चळवळीच्या इतिहासात मिळते, आणि ते पाण्याशी निगडित आहे. दर्यापूरच्या वाचकास पाण्याचे मोल सांगावयास नको. पूर्णेच्या खोऱ्यातील या खारपाणपट्ट्यात भूजल खारे. गावात एखादीच गोड्या पाण्याची विहीर असली तर त्या विहिरीवर कोण जाईल व कोण दूर उभे राहून ओंजळ पसरील, यावर माणसाची सारी पायरी ठरत असे. म्हणून महाडची हकीकत आम्हांस दूरची वाटत नाही.

मुंबई कायदे कौन्सिलने १९२३ साली सार्वजनिक पाणवठे अस्पृश्यांना खुले करण्याचा, सी. के. बोले यांनी मांडलेला ठराव संमत केला व महाड नगरपालिकेने १९२४ साली चवदार तळे खुले केल्याचा ठराव केला. २० मार्च १९२७ रोजी बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली परिषदेच्या प्रतिनिधींनी त्या तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर वीरेश्वराच्या देवळात शिरणार अशी अफवा उठली व मंडपात जेवत असलेल्या आणि परतीच्या वाटेवर असलेल्या प्रतिनिधींवर जमाव लाठ्याकाठ्यांनिशी तुटून पडला. अनेक जण जबर जखमी झाले. बाबासाहेबांभोवती जमलेल्यांत सैन्यात नोकरी केलेले लोक होते. त्यांच्या एका शब्दासरशी महाडात रक्तपात झाला असता. बाबासाहेबांनी तो शब्द उच्चारला नाही. त्यांनी लोकांना आवरले आणि हल्लेखोरांविरुद्ध रीतसर फिर्याद होऊ दिली. काहींना तुरुंगवासाची शिक्षा झाली. सत्य आधी, शांती मागाहून, हा पुण्णाचा क्रम येथे तंतोतंत दिसतो.

त्याच वर्षीच्या नोव्हेंबरमध्ये बाबासाहेब आमच्या वऱ्हाडात आले. १३ नोव्हेंबर १९२७ रोजी अमरावती येथे त्यांच्या अध्यक्षतेखाली अंबादेवी मंदिरप्रवेशाच्या प्रश्नावर परिषद भरली. वडील बंधू बाळाराम यांच्या निधनाची वार्ता त्यांना याच परिषदेच्या वेळी मिळाली. अशा वेळीही सभेचे काम शिस्तीने चालले आणि तत्काळ सत्याग्रह न करता वाटाघाटींना अवधी देण्याचे ठरले.

डिसेंबरचे महाड मात्र अधिक विचार करण्यासारखे आहे. नगरपालिकेने ऑगस्टमध्ये आपला ठराव मागे घेतला होता. सनातनी मंडळींनी दिवाणी दावा लावून १४ डिसेंबर १९२७ रोजी तात्पुरता मनाईहुकूम मिळविला. २५ डिसेंबरला परिषद भरली तेव्हा हजारो माणसे सत्याग्रहाच्या तयारीने आली होती. त्या रात्री मनुस्मृतीचे दहन झाले. २७ डिसेंबरला, जिल्हाधिकाऱ्यांनी सभेत येऊन विनंती केल्यानंतर व पुष्कळ चर्चेअंती, सत्याग्रह तहकूब करण्यात आला. लोकांनी तळ्याभोवती मिरवणूक काढली. पाण्याला स्पर्श केला नाही.

आमचे लेखक या दोन घटनांचा स्वतंत्रपणे गौरव करतात. दहनाला क्रांती म्हणतात आणि तहकुबीला मुत्सद्देगिरी. त्या दोन्ही एकाच परिषदेत, तीन दिवसांच्या आत, त्याच माणसांनी का केल्या, हे कोणी सहसा विचारीत नाही. आमच्या मते या प्रश्नातच प्रस्तुत विषयाची किल्ली आहे. तेथे दोन सत्ता समोरासमोर होत्या. एक मनुस्मृतीची. तिच्यापुढे पुरावा देता येत नव्हता, बाजू मांडता येत नव्हती, वरच्या न्यायालयात दाद मागता येत नव्हती. जन्माने निकाल आधीच लागलेला होता. दुसरी न्यायालयाची. तिचा हुकूम त्या दिवशी आमच्याविरुद्ध होता, परंतु तिच्यापुढे प्रतिवादी म्हणून उभे राहता येत होते, वादीस ‘तुझा हक्क सिद्ध कर’ असे म्हणता येत होते, निकालावर अपील होऊ शकत होते. बाबासाहेबांनी पहिल्या सत्तेचा ग्रंथ जाळला व दुसऱ्या सत्तेचा हुकूम, तो प्रतिकूल असूनही, पाळला.

तो आदर आंधळा नव्हता, हे पुढील दहा वर्षांनी दाखविले. दावा लढविला गेला. मनाईहुकूम १९२८ च्या फेब्रुवारीत उठला. खालच्या न्यायालयांत हरलेले वादी वर गेले आणि अखेर १७ मार्च १९३७ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने अस्पृश्यांना तळ्यापासून दूर ठेवण्याची अनादी रूढी वादींना सिद्ध करता आली नाही, असा निर्णय दिला. जी गोष्ट धर्मशास्त्राने गृहीत धरली होती, तिच्यासाठी न्यायालयाने पुरावा मागितला आणि पुरावा नव्हता. जिच्यापुढे दाद मागता येते त्या सत्तेचा आदर, आणि जिच्यापुढे दाद मागता येत नाही त्या सत्तेचा त्याग, असा हा भेद आहे. आमच्या प्रवचनांतून ‘अधिकाऱ्यांचा मान राखा’ एवढेच सांगितले जाते तेव्हा हा भेद पुसला जातो आणि ठाणेदाराची खुर्ची व पाटलाची ओसरी एकाच माळेत ओवली जाते.

२५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत केलेल्या भाषणात बाबासाहेबांनी हाच भेद राष्ट्रापुढे ठेविला. संवैधानिक मार्ग खुले असताना असहकार, कायदेभंग व सत्याग्रह यांचे मार्ग सोडले पाहिजेत, असे त्यांनी सांगितले. त्याच भाषणात राजकारणातील भक्ती ही अधःपतनाचा व अखेर हुकूमशाहीचा मार्ग आहे आणि कितीही थोर पुरुष असला तरी त्याच्या चरणी आपले स्वातंत्र्य वाहू नये, असेही बजाविले. भिक्खुसंघाच्या सभांत ठराव, गणपूर्ती, मतमोजणी इत्यादींचे नियम होते याची आठवणही त्यांनी याच वेळी करून दिली. पहिला भाग तेवढा उचलणारे आमच्या लोकांना आज्ञाधारक बनवितात. दुसराच भाग उचलणारे प्रत्येक नियमाला गुलामी ठरवितात. भाषण मात्र एकच आहे.

आता आक्षेपाकडे वळू. तो हलका नाही. कायद्यावर श्रद्धा ठेवून आमच्या लोकांस काय मिळाले, असे आक्षेपक विचारतात. अकोला जिल्ह्यातील धाकली येथे १९७४ साली दोन भावांचे डोळे काढण्यात आले, तेव्हा कायदा कोठे होता? २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यातील खैरलांजी येथे भोतमांगे कुटुंबातील चौघांची हत्या झाली. सत्र न्यायालयाने २००८ साली सहा जणांना फाशी व दोघांना जन्मठेप दिली. नागपूर खंडपीठाने २०१० साली फाशीच्या शिक्षा पंचवीस वर्षांच्या कारावासात बदलल्या. अत्याचार प्रतिबंधक कायदा दोन्ही ठिकाणी लागू धरला गेला नाही. पत्नी, मुलगी व दोन मुलगे गमावलेले भैयालाल भोतमांगे न्यायालयाच्या पायऱ्या झिजवीत राहिले आणि सर्वोच्च न्यायालयातील दाद अपुरी असतानाच २० जानेवारी २०१७ रोजी त्यांचे निधन झाले. या माणसाला आम्ही कोणत्या तोंडाने खंती शिकविणार?

आम्ही शिकवू नये, हेच त्याचे उत्तर. पुण्णाच्या सुत्ताचा पहिला धडा तोच आहे. भोतमांगे यांनी जो मार्ग धरला तो त्यांनी स्वतः धरला, आणि आमचे काम त्यांना शांतीचा उपदेश करण्याचे नव्हते. त्यांच्या बाजूने साक्षीदार, वकील व पैसा उभा करण्याचे होते. ते आम्ही किती केले, हा हिशेब ज्याचा त्याने करावा. न्यायालयाच्या निकालावर टीका करणे हाही त्या संस्थेच्या आदराचाच भाग आहे. ज्या संस्थेकडून काही अपेक्षाच उरली नाही तिच्या निकालाची चिकित्सा कोणी करीत बसत नाही.

धाकलीविषयी तर आक्षेपकांनी आणखी एक गोष्ट आठवावी. १९७२ साली स्थापन झालेल्या दलित पँथरइतकी संतप्त संघटना महाराष्ट्राने क्वचितच पाहिली असेल. त्या पँथरच्या कार्यकर्त्यांनी त्या अंध झालेल्या भावांना कोठे नेले? पंतप्रधान इंदिरा गांधी यांच्यासमोर. ज्यांची दृष्टी हिरावली गेली होती त्यांच्याकडे राज्यसत्तेस डोळे उघडून पाहावयास लावण्याचा तो मार्ग होता. तेथे क्षमायाचना नव्हती आणि सूडही नव्हता. तेथे फिर्याद होती. महाडशी असलेले त्याचे नाते आम्हांस स्पष्ट दिसते.

हे विवेचन जुन्या घटनांपुरतेच राहू नये म्हणून आमच्याच तालुक्याशी संबंधित एका अलीकडील घटनेचा विचार करू. दारापूर हे दर्यापूर तालुक्यातील गाव. रिपब्लिकन चळवळीतील ज्येष्ठ नेते, पुढे बिहार व केरळचे राज्यपाल झालेले दादासाहेब रा. सू. गवई यांचा जन्म १९२९ साली तेथे झाला. त्यांचे पुत्र न्या. भूषण गवई १४ मे २०२५ ते २३ नोव्हेंबर २०२५ या काळात भारताचे सरन्यायाधीश होते व त्या पदावर आलेले ते पहिले बौद्ध होत. वर्षावासाची सांगता व्हावयाच्या सुमारास, ६ ऑक्टोबर २०२५ रोजी, न्यायालयाचे काम चालू असता एका वकिलाने त्यांच्या दिशेने पादत्राण फेकण्याचा प्रयत्न केला. सरन्यायाधीश विचलित झाले नाहीत. त्यांनी काम पुढे चालविण्यास सांगितले आणि पुढे त्या व्यक्तीविरुद्ध कारवाईचा आग्रहही धरला नाही. भारतीय वकील परिषदेने मात्र त्या वकिलाची सनद स्थगित केली. आणि काही दिवसांनी न्या. उज्ज्वल भुयान यांनी खुल्या न्यायालयात हा संस्थेचा अवमान असल्याचे सांगून तो सौम्यपणे घेण्यास आपली असहमती दर्शविली.

त्या आठवड्यात दर्यापुरात दोन तऱ्हेचे उद्गार आम्ही ऐकले. काहींनी सरन्यायाधीशांच्या शांतीत तथागतांची करुणा पाहिली. काहींना ती शांती अनाठायी वाटली. हा अपमान एका माणसाचा नसून समाजाचा आहे, असे ते म्हणत. आमच्या मते दोन्ही पक्षांना आपापली जागा आहे. स्वतःवर झालेला आघात क्षमा करण्याचा अधिकार ज्याचा त्यास आहे. तो प्रथमपुरुषी आहे व न्या. गवई यांनी तो वापरला. परंतु आसनाचा अवमान क्षमा करण्याचा अधिकार आसनावर बसलेल्या एकट्या व्यक्तीचा असतो काय, ही शंका त्यांच्याच सहकारी न्यायमूर्तींनी उपस्थित केली, आणि ती त्यांच्याच समोर, त्याच सभागृहात, मर्यादा राखून उपस्थित केली. सरन्यायाधीशांच्या उपशमाइतकीच ही असहमतीही आम्हांस आदराचे रूप वाटते. आमच्या स्मरणिकांत यांपैकी पहिल्याचे छायाचित्र येईल. दुसऱ्याचीही नोंद यावी, एवढीच आमची विनंती.

आता त्या तरुणाच्या प्रश्नाकडे परत येऊ. पुण्णोवाद सुत्त मारणाऱ्यास का सांगत नाही? मारणाऱ्यास सांगण्यासाठीच तर पुण्ण सुनापरान्तास गेला, हे त्याचे उत्तर सुत्तातच आहे आणि ते आम्ही वाचावयाचे सोडून दिले आहे. हजार उपासक-उपासिका ही त्या उत्तराची मोजदाद होय. ज्या गावी एखाद्या बौद्ध कुटुंबावर हल्ला झाला, त्या गावच्या चावडीवर, शाळेत, ग्रामसभेत जाऊन धम्म बोलणे कठीण आहे. विहारात आपल्याच माणसांना शांत राहावयास सांगणे सोपे आहे. आमच्या प्रवचनकारांनी सोपे काम पत्करले आहे.

यास्तव आमची सूचना अशी की, पुढील वर्षावासात हे सुत्त घ्यावयाचे असेल तर ते अखेरपर्यंत वाचावे, अंगुलिमालाच्या सुत्तात मिसळू नये आणि त्याच बैठकीत महाडच्या डिसेंबर परिषदेची हकीकतही सांगावी. ज्याच्यावर अत्याचार झाला असा कोणी श्रोत्यांत असेल तर प्रथम त्याची फिर्याद कोठवर आली आहे, हे त्यास विचारावे. तो तरुण पुन्हा मागे बसला असेल तर त्यास पुढे बोलवावे. त्या दिवशी त्यास बसावयास सांगणाऱ्यांत आम्हीही होतो, हे येथे नमूद केले पाहिजे.